पिवळी पिओनी

दुसऱ्यांदा भाजी वाढून घेताना हे म्हणाले, "आई, इतका चवदार कंद मी देशातसुद्धा खाल्ला नाही. कुठला हा?"

"तुमच्या फ्रीजातलाच," माझी आई म्हणाली. "आमच्याकडे नसतो. कणगराच्या जातीतला असावा."

घटस्थापना होती. आमचे हे, म्हणजे अच्युत मेहेंदळे, वर्षभर देवाधर्माच्या वाटेला जात नसत, पण उपास मात्र सोडत नसत, कारण उपासाला साबुदाण्याची खिचडी असते. त्या दिवशी खिचडीच्या जोडीला आईने ही भाजी केली होती. तुपात जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट आणि वरून गुळाचा खडा. आई गुहागरकडची. तिकडे पाऊस सरला की परसातून नाना तऱ्हेचे कंद निघतात, कणगरं, करांदे, कोनफळं, आणि त्यातलं आपल्याला सगळं कळतं असा तिचा समज होता. आमचाही होता. हा कंद तिला जरा उग्र वाटला, म्हणून तिने तो करांद्यासारखा केला. करांदा मूळचा कडू, तेव्हा तो दोनदा उकडायचा आणि दोन्ही वेळचं पाणी फेकून द्यायचं. मी एक फोड चाखली. पुन्हा घ्यावीशी वाटली नाही. ह्यांनी मात्र वाडगं पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ह्यांचं पोट बिघडलं. आळ आला ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनवर. पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन हे कोचावर पडले होते आणि त्या मशीनची तक्रार कुणाकडे करायची ह्याचा विचार करत होते. मध्येच त्यांना काहीतरी आठवलं.

"कुंदा, फ्रीजमध्ये भाजीच्या खणात एक तपकिरी कागदाची पिशवी आहे. तिला कुणी हात लावू नका. माझी पिओनी आहे. शनिवारी लावायची आहे."

मी स्वयंपाकघरात गेले, खण उघडला आणि तसाच बंद केला. आई ताक घुसळत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि रवी हातातच राहिली.

"तपकिरी पिशवी?" तिने हळूच विचारलं.

"तीच," मी म्हटलं.

आता ही पिओनी काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. ओहायोतल्या आमच्या गावात मराठी घरं पुष्कळ, आणि त्यातल्या डॉक्टर निरगुडकरांकडे गुलाब होते. निरगुडकर दातांचे डॉक्टर. उन्हाळ्यात कुणाकडे जेवायला गेले की सोबत एक गुलाब घेऊन जायचे, आणि मग जेवणभर त्या गुलाबाची माहिती ऐकावी लागायची. हे ह्यांच्या डोळ्यांत सलत होतं. ह्यांनी त्याआधी टोमॅटो लावून बघितले, ते खारींनी खाल्ले. मग एका हिवाळ्यात ह्यांनी पुस्तकं आणली आणि आम्हाला कळलं की खरं फूल म्हणजे पिओनी. गुलाब काय, कुणीही लावतो.

पिओनी दोन तऱ्हेच्या असतात. एकीचं खोड बारा महिने उभं राहतं. दुसरी थंडी पडली की जमिनीपर्यंत मरते आणि वसंतात मुळाच्या डोळ्यांतून लालबुंद कोंब काढून पुन्हा उठते. ह्यांना दुसरी हवी होती, आणि तीही पिवळी. ह्या जातीत पिवळा रंग दुर्मिळ, म्हणूनच. एका नर्सरीकडे ह्यांनी वर्षभर आधी नाव नोंदवून ठेवलं होतं. किंमत मला सांगितली नाही, यावरून काय ते समजावं. सप्टेंबर अखेरीस खोका आला. आत झाड नाही, फूल नाही, नुसतं एक मूळ. रताळ्यासारखी जाड बोटं आणि वर गुलाबी डोळे. लावीपर्यंत थंड जागी ठेवा असं लिहिलं होतं, म्हणून ह्यांनी ते माझ्या भाजीच्या खणात ठेवलं, बरोबर उपासाच्या रताळ्यांना लागून. पिशवीवर चिठ्ठी होती. ती ह्यांनी काढून आपल्या फाइलीत लावली.

एवढं सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आई आमच्याकडे परीक्षेला बसली होती.

माझा भाऊ ठाण्याला. त्याचं घर लहान, बायकोचं मन त्याहून लहान. बाबा गेल्यावर आईने तिथे दोन वर्षं कशी काढली ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. शेवटी मी तिची कागदपत्रं केली आणि तिला घेऊन आले. ह्यांनी नाही म्हटलं नाही. हे कधीच नाही म्हणत नाहीत. हे म्हणतात, "बघू." विमानतळावरून येताना गाडीत, आईच्या देखत, हे मला म्हणाले होते, "सहा महिने बघू जमतंय का. नाही जमलं तर पुण्याला हल्ली वृद्धांसाठी फार चांगल्या सोयी झाल्यात. बागबीग असते." आई खिडकीतून बाहेर बघत होती. तिला ऐकू येतं.

त्यातून तिचे गुडघे दुखरे, जिना चढता यायचा नाही. तळमजल्यावर एकच खोली, दक्षिणेकडची, भरपूर उजेडाची. त्या खोलीवर ह्यांचा डोळा होता. तिथे दिवे लावून रोपं करायची होती. म्हणजे खोली एक आणि उमेदवार दोन, आई आणि पिओनी. आणि आईने तर दुसऱ्या उमेदवाराची भाजी केली होती.

मला वाटलं, आई रडेल. ती रडली नाही. तिने रवी खाली ठेवली, हात पुसले आणि विचारलं, "तसलंच दुसरं मिळेल का गो कुठे?"

शेजारी मार्था राहायची, एकटी म्हातारी बाई. तिच्या पत्रपेटीपाशी पिओनीचं एक दांडगं झुडूप होतं. तिच्या आईने लावलेलं. दर जूनमध्ये त्याला पोळीएवढी गुलाबी फुलं यायची आणि पावसाची सर आली की सगळी तोंडावर पडायची. ह्यांनी त्या झाडाला कायम नाक मुरडलं. कुणाच्याही आजीच्या अंगणात असते तसली पिओनी, म्हणायचे. मी मार्थाकडे गेले आणि खरं ते सांगून टाकलं. ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. मग कुदळ घेऊन उठली, झुडपाचा एक कोपरा उकरला आणि डोळ्यांसकट एक मूळ वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. बदल्यात तिने एकच मागितलं. ज्या दिवशी फूल उमलेल त्या दिवशी मला बोलवा.

ते मी तपकिरी पिशवीत घालून परत खणात ठेवलं आणि शनिवारी लागवड झाली. ह्यांनी मातीची परीक्षा केली होती, पुस्तक उघडून दगडाखाली धरून ठेवलं होतं आणि हातात चक्क पट्टी होती. पिओनीचे डोळे जमिनीत दोन बोटांच्या खाली गेले तर पानं येतात, फूल येत नाही, हे त्यांनी आम्हा दोघींना उभं करून समजावलं. मग मूळ हातात घेऊन निरखलं.

"आलं तेव्हा एवढं मोठं नव्हतं," हे म्हणाले.

"फ्रीजात फुगलं असेल," मी म्हटलं.

ह्यांनी मान डोलावली. "चांगल्या नर्सरीचा माल. दर्जा लपत नाही."

आई माझ्यामागे शाल लपेटून उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, थंडी वाजतेय.

पुढची तीन वर्षं आमच्या घरात ती पिओनी कर्तीसवरती झाली. पहिल्या हिवाळ्यात तिच्यावर पेंढ्याचं पांघरूण आणि पांघरुणावर ताडपत्री. आईला गरम मोजे मी आणले. एप्रिलमध्ये कोंब आले तेव्हा ह्यांनी गावातल्या मराठी मंडळाच्या सगळ्यांना फोटो पाठवला. फोटोत तीन लाल काड्या होत्या. निरगुडकरांनी उत्तर पाठवलं की छान, आमच्याकडेही शतावरीचे असेच कोंब आलेत. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

मग कुठेसं वाचलं की मुंग्या चढल्याशिवाय कळी उमलत नाही. मार्था म्हणाली, असलं काही नसतं, मुंग्या कळीवरचा गोड चीक चाटायला येतात एवढंच. पण पिओनीच्या बाबतीत मार्थाचं काय ऐकायचं? ह्यांनी झाडाभोवती साखर टाकली. मुंग्या आल्या. साखर खाल्ली, आणि जिथून साखर येते तिथपर्यंत माग काढत थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या. आई महिनाभर डब्यांखाली पाण्याच्या ताटल्या ठेवत होती. तक्रारीचा एक शब्द नाही. उलट हे बागेतून आले की विचारायची, "आज कशी आहे ती?" हे खूश व्हायचे. मला म्हणायचे, "तुझ्या आईला झाडांची आवड आहे हं." आणि त्याच दमात, "पुण्यालाही बाग आहे म्हणा."

हे "पुण्याला" दर दोन-तीन महिन्यांनी यायचंच. कधी हीटिंगचं बिल आल्यावर, कधी आईने पहाटे उठून भांडी वाजवल्यावर. सहा महिने कधीच उलटून गेले होते, पण निकाल काही लागत नव्हता. एकदा तिथल्या एका वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रकही आलं. ह्यांनी ते आईच्या उशाशी ठेवलं, "नुसतं बघा," म्हणून. आईने ते बघितलं, चष्मा काढला आणि त्याच्यावर चष्मा ठेवायला लागली.

दुसऱ्या वर्षी एक कळी आली. मी घाबरले. पण देवाच्या दयेने पुस्तकातच लिहिलेलं निघालं की पहिल्या कळ्या खुडाव्यात म्हणजे मुळं जोर धरतात. मी ते पान ह्यांच्यासमोर उघडून ठेवलं. ह्यांनी जड मनाने कळी खुडली, आणि एक वर्ष मिळालं.

तिसऱ्या वर्षी खुडायला निमित्त उरलं नाही. मेच्या अखेरीस एक टपोरी कळी फुगायला लागली आणि ह्यांच्या डोक्यात समारंभ शिरला. सुरुवातीला फक्त निरगुडकर पतिपत्नींना चहाला बोलवावं असं चाललं होतं. मला तेवढंही नको होतं. मी म्हणत होते, घरच्या घरी बघू, कशाला उगाच. तर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "दोघांनाच का, जावईबापू? तीन वर्षांची मेहनत आहे. सगळ्या मंडळाला बोलवा. वडे मी करते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हातारपणाने हिला काही समजेनासं झालंय की काय, असं मला खरंच वाटलं. स्वतःच्या पायावर कुणी इतक्या आनंदाने धोंडा पाडून घेताना मी पाहिलं नव्हतं. रात्री तिला बोलायला गेले तर ती म्हणाली, बटाटे किती लागतील ते बघ.

कळीच्या पाकळ्यांच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या. मी म्हटलं, गुलाबी वाटतंय. ह्यांनी मला समजावलं की पिवळ्या जातीत कळीवर अशी लाली असतेच. आणि मग, उत्सुकता ताणली जावी म्हणून, झाडाला तारेचं कडं होतं त्यावर ह्यांनी माझा लग्नातला शेला टाकला. आता रविवारी सगळ्यांबरोबरच मीही बघणार, म्हणाले. मूर्तीचं अनावरण असतं ना, तसं.

रविवार आला. चाळीसेक माणसं हिरवळीवर. खुर्च्या कमी पडल्या. बायका भारी साड्यांत, पुरुष कुडत्यांत, आणि मधोमध शेला पांघरलेली पिओनी. मंडळाच्या अध्यक्षांनी समई लावली. वाऱ्याने ती दोनदा विझली. मार्था लिंबाचा केक घेऊन आली होती आणि मला डोळे मिचकावून पहिल्या रांगेत बसली होती. निरगुडकर उशिरा आले आणि त्यांनी गाडी नेमकी मार्थाच्या पत्रपेटीसमोर लावली. तिकडे ते जुनं झुडूप फुलांनी वाकलेलं. मी बघितलं, ते उतरताना क्षणभर थांबून त्याच्याकडे बघत होते.

आई आत वडे तळत होती. स्वयंपाकघराचं दार बागेकडे उघडं होतं.

ह्यांचं भाषण झालं. संयम म्हणजे काय, मातृभूमीपासून दूर आलेल्या माणसाने मुळं कशी धरावीत, असं बरंच. मध्ये थोडा विनोद हवाच.

"योगायोग बघा," हे म्हणाले, "आमच्या सासूबाई आल्या आणि त्याच आठवड्यात हा कंद लावला. दोघांचीही सारखीच बडदास्त ठेवली. फूल मात्र कंदालाच आलं."

लोक हसले. मी हसले नाही. आई दारात येऊन उभी राहिलेली मला दिसली, हातात झारा. हसणाऱ्यांकडे ती शांतपणे बघत होती, मुलांच्या पंगतीकडे बघतात तशी.

हे पुढे निघाले. ही तर सुरुवात आहे, आता घरातच पिओनींची रोपवाटिका करायची, दक्षिणेकडची खोली त्यासाठी उत्तम आहे. "आईंनाही आता आपल्या माणसांत जावंसं वाटतंय. पुण्याला त्यांची व्यवस्था होतेय. येत्या शरदात त्यांना निरोप द्यायला आपण सगळे पुन्हा जमूच."

मला हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. चाळीस माणसांना आमच्यासोबतच कळलं. शेजारच्या बाईने माझा हात दाबून "आई जाणार? चुकल्याचुकल्यासारखं होईल गं," असं म्हटलं. ह्यांनी मुद्दामच तसं केलं होतं. एकदा चारचौघांत जाहीर झालं की माघार नाही, हा हिशेब होता.

मग शेला ओढला.

फूल सुंदरच होतं, ह्यात वाद नाही. पोळीएवढं, भरगच्च, आणि गुलाबी. नखशिखान्त गुलाबी. पिवळा म्हणून एक ठिपका नव्हता. टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यावर मंदावल्या, कारण आमंत्रणात "दुर्मिळ पिवळी" असं छापलं होतं.

निरगुडकर पुढे आले, चष्मा लावून वाकले. "वा," ते म्हणाले. "अगदी तिकडे पत्रपेटीपाशी आहे तस्सं. मी गाडी लावताना बघितलं. पण तिथे खंडीभर आहेत हो."

ह्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग फुलाच्या रंगाचा झाला. आधी नर्सरीचा उद्धार झाला. आपण वकील देणार, म्हणाले. मग आठवलं की चिठ्ठीवर, खोक्यावर, सगळीकडे पिवळीच होती. म्हणजे माल बरोबर आला होता. म्हणजे मधल्या मध्ये कुणीतरी बदलला. हे सगळं मोठ्याने चाललं होतं. आणि मग ह्यांची मान हळूहळू मार्थाकडे वळली. तिच्याकडे तसंच झाड. तिची जागा लागून. मार्थाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ती केक कापायची सुरी हातात धरून हसत बसली होती.

"ही बाई," हे म्हणाले, "पहिल्यापासून माझ्या बागेवर..."

"जावईबापू." आईचा आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. ती पायऱ्या उतरून हिरवळीवर आली होती. "त्या बाईंवर डोळे वटारू नका. तुमचा कंद कुणी नेला नाही. तो तुम्ही खाल्लात."

कुणाला काही कळलं नाही. ह्यांनाही नाही.

"मी आले त्या वर्षी, घटाच्या दिवशी," आई म्हणाली. "फ्रीजात रताळ्यांशेजारी होता, मला कणगर वाटला. करांद्यासारखा दोन पाण्यांत उकडला आणि भाजी केली. तुम्ही दोनदा वाढून घेतलीत. देशातसुद्धा असं खाल्लं नाही म्हणालात. हा लावलेला कंद ह्या बाईंनी दिला, उपकार म्हणून."

आत कढईतलं तेल तडतडत होतं. मग निरगुडकरांनी अगदी डॉक्टरी आवाजात विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी काही त्रास, अच्युतराव?"

"कॉफीचं मशीन," माझ्या तोंडून निघून गेलं.

हसू पहिल्या रांगेत फुटलं आणि मागेपर्यंत गेलं. अध्यक्षांच्या हातातली काडेपेटी पडली. कुणीतरी मार्थाला इंग्रजीत सांगितलं. तिला ते ठाऊकच होतं, पण ती पुन्हा पहिल्यासारखीच हसली. हे मधोमध उभे, हातात माझा शेला. माझी मलाच लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं मला.

आई मात्र हसली नाही. सगळं शांत होईपर्यंत थांबली. मग हात जोडून म्हणाली, "चूक माझी आहे. एवढी महागाची वस्तू मी चुलीवर चढवली. तुम्ही आत्ता माझ्या जाण्याचं बोललात. ह्याच्यासाठी जा म्हणत असाल तर मी जाईन, माझी ना नाही. फक्त ह्या सगळ्यांच्या देखत सांगा. परत गेल्यावर लोक विचारतील, का घालवलं म्हणून. तेव्हा मला खोटं सांगावं लागायला नको."

चाळीस माणसं ह्यांच्याकडे बघायला लागली. त्यातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी पुण्यात होतं, आणि प्रत्येकाच्या घरी फोन होता. सासूने भाजी केली आणि जावयाने दोनदा वाढून घेऊन तिला घालवलं, ही गोष्ट सोमवार उजाडायच्या आत कुठे कुठे पोचेल, हे ह्यांच्या चेहऱ्यावर मला एकेक गाव करत दिसत होतं.

"काहीतरीच काय, आई," हे म्हणाले, आणि हसले. हसावंच लागलं. "एक कंद तो काय. घालवतंय कोण तुम्हाला? तुमचंच घर आहे."

"मग खोलीत ती रोपं?" निरगुडकरांच्या बायकोने विचारलं. ती बाई मला त्याआधी कधी आवडली नव्हती.

"रोपांना काय, तळघर आहे," हे म्हणाले. "आई कुठे जात नाहीत."

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" असं आई म्हणाली नाही. ती फक्त म्हणाली, "वडे निवताहेत," आणि आत गेली.

त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडून पुणं हा शब्द निघाला नाही. आई त्या खोलीत शेवटपर्यंत राहिली, दक्षिणेच्या उन्हात पाय पसरून. पिओनी अजून आहे. दर जूनला फुलते आणि पाऊस आला की तोंडावर पडते. आणि गंमत अशी, की आता कुणीही घरी आलं की हेच ती गोष्ट सांगतात, आपलीच असल्यासारखी. त्यात हल्ली एक वाक्य वाढलंय, की पहिल्या घासालाच मला शंका आली होती. दोनदा वाढून घेणाऱ्याला शंका आली होती तर असो.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. पाहुणे गेले होते. जूनमधलं ऊन, जेवायची वेळ झाली तरी सरत नव्हतं. आई सिंकपाशी कढई घासत होती आणि मी पुसत होते.

मी तिला म्हटलं, "तीन वर्षं मी जीव मुठीत धरून काढली. रोज वाटायचं, आज कळेल आणि तुला जावं लागेल. मला वाटायचं तूही घाबरतेस म्हणून गप्प आहेस. सांगायचंच होतं तर तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"घाबरत होत्येच की," आई म्हणाली. "तेव्हा सांगितलं असतं तर ऐकायला कोण होतं? तू आणि तो. दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतंन मला, आणि लोकांना सांगितलं असतंन, म्हातारीला इथलं हवामान मानवलं नाही."

तिने कढई उलटी करून उजेडात बघितली, एक डाग राहिला होता तो नखाने काढला आणि माझ्या हातात दिली.

"म्हणून तर म्हटलं गो, दोघांनाच का, सगळ्या मंडळाला बोलवा. वडे मी करते."